तंत्रज्ञानाच्या बातमीवर वाद घालण्याआधी: नवख्यांसाठी काही पायऱ्या

जून २०२३ मधली गोष्ट. अमेरिकी हवाई दलाच्या चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ड्रोनने आपल्याच चालकाला मारलं, अशी बातमी रात्री साडेअकराला माझ्यासमोर आली. चालक हल्ला करू देईना, म्हणून ड्रोनने आधी त्याचाच अडथळा दूर केला म्हणे. मी मथळा वाचला, दोन परिच्छेद वाचले आणि माणसाने स्वतःची कबर स्वतःच खणली वगैरे अकरा ओळी ठोकून दिल्या. पन्नासेक अंगठे पडले. समाधानाने झोपलो. सकाळी बघतो तर खाली एकाने एवढंच विचारलं होतं: "चाचणी झाली कधी?"

चाचणी झालीच नव्हती. लंडनमध्ये रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या परिषदेत हवाई दलाच्या एका कर्नलने हे उदाहरण सांगितलं होतं. ते नुसतं कल्पनेतलं होतं, आपली सांगण्यात चूक झाली, असा खुलासा त्याने स्वतःच केला. मी मात्र माझ्या अकरा ओळी गुपचूप पुसून टाकल्या आणि विषय संपला असं मानलं. संपला नव्हता, पण ते पुढे येईल.

त्यानंतर या वादांत मी बरीच वर्षं वाटावीत इतके महिने घालवले. माझं निरीक्षण असं, की भांडणारे बहुतेक लोक एकाच गोष्टीवर भांडत नसतात. एकजण जे घडलं त्याबद्दल बोलतो, दुसरा जे घडू शकेल त्याबद्दल, तिसरा जे घडू नये त्याबद्दल. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि तरी रात्रभर हमरीतुमरी चालते. तुम्ही या चर्चांमध्ये नुकते उतरत असाल तर खालच्या पायऱ्यांनी निदान माझ्यासारखी फजिती टळेल.

हाताशी काय हवं

- वेबॅक मशीन. वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी इंटरनेट अर्काइव्हची ही सेवा २००१ पासून सगळ्यांना खुली आहे. मथळे छापून झाल्यावरही बदलतात. सकाळचा मथळा काय होता ते इथे सापडू शकतं. महत्त्वाचं पान दिसलं की तुम्ही स्वतःच तिथे जतन करून ठेवा.
- फोटोवरून शोध घेण्याची सोय. आजच्या म्हणून फिरणाऱ्या फोटोंतले कितीतरी चार वर्षांपूर्वीचे निघतात.
- शोधनिबंधांचं आर्काइव्ह (arXiv), म्हणजे ज्याच्या इंग्रजी नावात मधोमध एक्स आहे ते. वरच्या अर्काइव्हशी याचा संबंध नाही. नावांच्या या साम्यात मी स्वतः एक संध्याकाळ घालवली आहे.
- एक नोंदवही. फोनमधली चालेल. कशासाठी, ते शेवटच्या पायरीत.
- रात्री अकरानंतर उत्तर न देण्याचा नियम. याला साधन म्हणत नाहीत, पण माझ्या यादीत हे सगळ्यात वर आहे.

१. आधी क्रियापद शोधा

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि घाईत वाचणारा तिथवर पोचतच नाही. 'डॉक्टरांपेक्षा अचूक निदान यंत्राने' एवढं दिसलं की बोटं शिवशिवायला लागतात. पुढे 'केलं' आहे, 'केल्याचा दावा' आहे की 'करू शकेल' आहे, हे बघायचं राहून जातं. मथळ्यात तर क्रियापद गाळायचीच रीत. म्हणून बातमी उघडल्यावर पहिलं काम हे: मुख्य वाक्याचं क्रियापद गाठायचं आणि ते कोणत्या खणात बसतं ते ठरवायचं. घडलं? घडतंय? घडवायचं ठरलं? प्रस्ताव आला? कुणी अंदाज वर्तवला? की कुणी नुसती कल्पना केली? माझं ड्रोन शेवटच्या खणातलं होतं आणि मी ते पहिल्या खणात टाकलं.

कायद्यांच्या बातम्यांत हा घोळ सर्वात जास्त होतो. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा घ्या. मसुदा मांडला गेला एप्रिल २०२१ मध्ये. युरोपीय संसदेने तो मंजूर केला मार्च २०२४ मध्ये. तो अमलात आला १ ऑगस्ट २०२४ ला. पण म्हणजे सगळी कलमं त्या दिवशी लागू झाली असं नाही. काही वापरांवर थेट बंदी घालणारी कलमं २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली आणि बाकीची टप्प्याटप्प्याने लागू करायची असं ठरलं. आता यातल्या प्रत्येक तारखेला 'युरोपात कायदा आला' म्हणता येतं. दोन माणसं वेगवेगळ्या तारखा डोक्यात ठेवून भांडली तर निकाल लागणार कसा?

दुसरा सापळा उलटलेल्या बातमीचा. इटलीच्या नियामकाच्या आदेशामुळे चॅटजीपीटी तिथे ३१ मार्च २०२३ ला थांबलं, ही बातमी खरी होती. २८ एप्रिलला ते परत सुरू झालं, हीही खरी होती. पहिली जगभर फिरली, दुसरी जागच्या जागी राहिली. त्यामुळे कुठल्याही बंदीची, खटल्याची किंवा राजीनाम्याची बातमी वापरताना पुढे काय झालं हे एकदा शोधूनच बोला.

२. मूळ कागद गाठा

बातमी ही कशाची तरी बातमी असते. शोधनिबंधाची, कंपनीच्या निवेदनाची, न्यायालयातल्या अर्जाची, विधेयकाची. तो कागद उघडा. पूर्ण वाचायची गरज नाही. निबंध असेल तर सुरुवातीचा सारांश आणि शेवटाकडचा मर्यादांचा भाग वाचा. दहा मिनिटं पुरतात. मर्यादांच्या भागात लेखक स्वतःच सांगतो की आपण काय सिद्ध केलेलं नाही. तुमच्याशी भांडणाऱ्याने तो भाग वाचलेला नसतो, हे जवळजवळ गृहीत धरा.

निबंध तज्ज्ञांनी तपासून छापलेला आहे की लेखकांनी परस्पर चढवलेला आहे, हेही बघा. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी एलके-९९ नावाच्या पदार्थाबद्दल असाच निबंध आर्काइव्हवर ठेवला. नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या हवेच्या दाबाला विजेचा रोध शून्य, म्हणजे वाहताना वीज वायाच जात नाही, असा दावा. सोबत एक चित्रफीत होती, चुंबकावर तरंगणारा काळा तुकडा. मी ती फीत वीसेक वेळा पाहिली असेन. तुकड्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. तरीही 'ऊर्जेचा प्रश्न सुटला' पासून 'तेलाचं राजकारण संपलं' पर्यंत मजल गेली. इतर प्रयोगशाळांनी पदार्थ बनवून पाहिला तेव्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला. त्यात तांब्याच्या सल्फाइडची भेसळ होती, आणि ते सल्फाइड साधारण १०४ अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतं. रोध एकदम घसरल्यासारखा दिसला तो त्यामुळे. तुकडा अर्धवट उचलला जात होता तो साध्या चुंबकत्वामुळे.

मला यातून नियम मिळाला तो एवढाच: परस्पर चढवलेल्या निबंधावर पहिले तीन आठवडे सामाजिक परिणामांची चर्चा करायची नाही. पदार्थावर बोला, प्रयोगावर बोला, हवी तेवढी मजा करा. समाज थांबेल तीन आठवडे.

३. आकड्याखाली छेद काय आहे ते विचारा

ही पायरी नीट वाचा, कारण निम्मे वाद इथेच अडतात.

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कार्ल बेनेडिक्ट फ्राय आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय तपासले आणि म्हटलं, की देशातल्या ४७ टक्के नोकऱ्या यंत्राच्या हाती जाण्याचा धोका मोठा आहे. २०१६ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हाच आकडा ९ टक्के निघाला. अमेरिकेपुरता काढला तरी ९ च. ४७ कुठे आणि ९ कुठे! वाद घालणारे यातला आपल्या सोयीचा उचलतात आणि दुसऱ्याला अडाणी ठरवतात.

फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या अभ्यासाने अख्खा व्यवसाय एकक धरला. हिशेबनिसाचं काम यंत्राला जमेल, तर सगळे हिशेबनीस धोक्यात. दुसऱ्याने प्रत्यक्ष कामं बघितली. तोच हिशेबनीस दिवसातला किती वेळ आकडे भरतो, आणि किती वेळ चिडलेल्या ग्राहकाला समजावतो किंवा साहेबांना नाही म्हणायची युक्ती शोधतो? आकडे भरणं यंत्राकडे गेलं तरी माणूस उरतो. आणखी एक गोष्ट, जी या वादात मी हजारदा टंकली असेल: ४७ टक्के नोकऱ्या 'जातील' असं त्या निबंधात नाही. तांत्रिकदृष्ट्या यंत्राकडे सोपवता येण्याजोग्या आहेत, असं आहे. किती खरोखर जातील याचा अंदाज आम्ही करत नाही, हेही लेखकांनी लिहिलेलं आहे. पुन्हा क्रियापदच.

छेदाचा दुसरा नमुना. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटर्सनी साधारण ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट). भयंकर वाटतं. हे जगाच्या एकूण वीजवापराच्या दीड टक्का आहे. किरकोळ वाटतं. दोन्ही एकाच वाक्यातले आकडे आहेत. कुणी फक्त पहिला दिला तर दुसरा मागा. फक्त दुसरा दिला तर विचारा की ही केंद्रं जगभर सारखी पसरलेली आहेत का. नाहीत, ती गुच्छांनी उभी राहतात, आणि तिथल्या वीजजाळ्याला जागतिक सरासरीचं सांत्वन काय कामाचं?

४. कावळा आणि फांदी

कावळा बसला आणि फांदी मोडली, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं, पण फोन आणि मुलं हा विषय निघाला की विसरायला होतं. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमीअधिक फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्का डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. दुसऱ्या बाजूचे मानसशास्त्रज्ञ दाखवतात, की २०१० नंतर अनेक देशांत किशोरवयीनांतलं, विशेषतः मुलींतलं, नैराश्य वाढलं आणि स्मार्टफोन पसरले तेही तेव्हाच. हा वाद त्या क्षेत्रातल्या लोकांमध्येच मिटलेला नाही. तो तुम्ही आज रात्री मिटवणार नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. '०.४ टक्का मुलांनाच त्रास होतो' हे वाचन चुकीचं आहे. तो मुलांचा आकडा नाही, फरकाचा आहे. आणि सरासरी परिणाम छोटा म्हणजे कुणालाच मोठा नाही, हेही चूक. मला स्वतःला 'मुलं आणि फोन' हा प्रश्नच फार ढोबळ वाटतो. कोणत्या वयाचं मूल, कोणतं ॲप, रात्री की दिवसा, एवढं तरी विचारल्याशिवाय मी आता उत्तर देत नाही. यामुळे माझी उत्तरं कमी झाली आहेत, हे मान्य.

कुठून कुठपर्यंत मोजायचं, हाही सापळाच. पैसे देणारं यंत्र (एटीएम) पहिल्यांदा बसलं १९६७ मध्ये, लंडनमधल्या एनफिल्डला. 'यंत्रांनी नोकऱ्या जात नाहीत' म्हणणाऱ्यांचं हे लाडकं उदाहरण, कारण अमेरिकेत ही यंत्रं सर्वत्र झाली तरी बँकेतल्या रोखपालांची संख्या कित्येक दशकं घटली नाही. एका शाखेला माणसं कमी लागायला लागली, शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी शाखा वाढवल्या. गोष्ट खरी आहे. पण सांगणारा ती २०१० च्या आसपास थांबवतो. त्यानंतर फोनवरून व्यवहार सुरू झाले, शाखाच बंद व्हायला लागल्या आणि रोखपाल कमी होत गेले. आलेख जिथे कापलेला असतो तिथे बोट ठेवून विचारा, पुढे काय झालं?

५. समोरचा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय?

अमेरिकेत काही न्यायालयं आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज 'कॉम्पस' नावाच्या प्रणालीकडून घेत. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या एका काउंटीतली माहिती तपासली. पुढे ज्यांच्या हातून पुन्हा गुन्हा झाला नाही अशा कृष्णवर्णीय आरोपींपैकी जवळपास ४५ टक्के जणांवर 'धोका जास्त' असा शिक्का बसलेला होता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण २३ टक्के. उघड पक्षपात! कंपनीने उत्तर दिलं: आमच्या प्रणालीने ज्यांना सारखे गुण दिले ते पुढे गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं आहे. पक्षपात कुठे?

दोघांचे आकडे बरोबर होते. नंतर गणितानेच दाखवून दिलं, की दोन गटांमधलं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज अचूक नसतील, तर न्यायाच्या या दोन्ही व्याख्या एकाच वेळी पाळताच येत नाहीत. म्हणजे वाद आकड्यांचा राहिलाच नाही. कोणती चूक आपण सहन करायची, निरपराधाला अडकवण्याची की धोकादायकाला सोडण्याची, हा तो वाद होता. आणि त्यावर संगणकशास्त्र शिकलेल्याचं मत इतरांच्या मतापेक्षा आपोआप वजनदार होत नाही, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं.

व्यवहारात असं करा: उत्तर लिहिण्याआधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत लिहून त्यालाच विचारा, 'तुम्ही हेच म्हणताय ना?' तीनदा विचारलंत तर एकदा तरी उत्तर 'नाही' येतं.

६. आता लिहा

एका उत्तरात एक दावा, त्याचा एक दुवा, आणि तुम्हाला किती खात्री आहे ते. तिसरी गोष्ट लोक विसरतात.

असं लिहू नका: "सगळं थोतांड. ४७ टक्के नोकऱ्या जाणार म्हणे! दहा वर्षं झाली, गेल्या का?"

असं लिहा: "२०१३ च्या त्या निबंधात नोकऱ्या जाणार असं नव्हतं, यंत्राकडे सोपवता येतील असं होतं, तेही अमेरिकेपुरतं. व्यवसायाऐवजी कामं मोजली तर आकडा ९ वर येतो. मला दुसरी पद्धत जास्त पटते, पण नोकरी टिकून पगार घसरला तर तीही ते पकडत नाही. तुम्ही कोणत्या कामाबद्दल बोलताय?"

काही गोष्टी टाळा. सॉक्रेटिसलाही लिखाणाची भीती वाटायची, हे प्रत्येक चर्चेत कुणीतरी सांगतंच. जुनी एक भीती फोल ठरली म्हणून नवी फोल ठरत नाही. कुणाला 'लडाइट', म्हणजे यंत्रद्वेष्टा, म्हणायचंच असेल तर ते कोण होते ते आधी वाचा. १८११ पासून इंग्लंडात विणकामाची यंत्रं फोडणारे ते लोक कसबी कारागीर होते, यंत्रं त्यांना उत्तम चालवता येत. त्यांचा राग मजुरीवर आणि मालाच्या दर्जावर येणाऱ्या संकटाचा होता. १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेने यंत्र फोडण्याला देहदंड ठेवला. शिवी म्हणून वापरायला हे उदाहरण तितकंसं सोयीचं नाही.

आणि चॅटबॉटचं उत्तर जसंच्या तसं चिकटवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि ५००० डॉलरचा दंड भरला. तुम्हाला दंड होणार नाही, पण दुवा उघडून बघणारा एकजण तरी निघतोच.

७. चुकलात तर पुसू नका

मी पुसलं होतं. दोन दिवसांनी कुणीतरी त्या अकरा ओळींचा स्क्रीनशॉट टाकला, आणि मग चर्चा ड्रोनवरून माझ्या प्रामाणिकपणावर घसरली. चूक तशीच ठेवा, वर एक ओळ घाला: 'ही बातमी चुकीची निघाली, खुलासा अमुक ठिकाणी.' स्पष्टीकरण नको, सबब नको.

८. थांबा, आणि तारीख लिहून ठेवा

तीन फेऱ्या झाल्या की थांबा. अल्बर्टो ब्रँडोलिनी या इटालियन प्रोग्रामरने २०१३ मध्ये म्हटलं होतं, की थाप मारायला जेवढी शक्ती लागते त्याच्या कित्येक पट ती खोडायला लागते. चौथ्या फेरीत तुम्ही ती शक्ती फुकट वाटत असता.

त्याऐवजी नोंदवही उघडा. भाकित, कुणाचं, कोणत्या तारखेला, आणि कधी तपासायचं. २०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी क्ष-किरण तज्ज्ञ तयार करणं आता थांबवावं असं म्हटलं होतं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल म्हणून. २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि क्ष-किरण तज्ज्ञ अजून कामावर आहेत. एवढ्या मोठ्या माणसाची नोंद वहीत असली की आपल्याही नोंदी करायला धीर येतो.

माझ्या वहीतली पहिली नोंद माझीच होती: 'दोन वर्षांत भाषांतराचं काम माणसांकडे उरणार नाही.' तपासायची तारीख आली तेव्हा मी अर्धा तास त्या ओळीकडे बघत बसलो. ओळखीतले दोघे भाषांतरकार अजून काम करतात. पण आता ते यंत्राचा मसुदा दुरुस्त करतात, आणि मोबदला पूर्वीपेक्षा कमी मिळतो म्हणतात. मग 'उरणार नाही' हे खरं ठरलं की खोटं? ठरवता येईना, कारण 'काम उरणं' म्हणजे काय ते मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा वहीत एक रकाना वाढवला आहे: 'काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन.' तुम्ही पहिल्या दिवसापासूनच आखून घ्या.